वाळूतल्या बरगड्या

"मॅडम, दगड आहे तो. पुढचं घ्या," हर्षल मागून म्हणाला.

छायाची नजर पडद्यावरून हलेना. "दगडाला बरगड्या असतात का रे?"

इंदिरानगरमधल्या त्या ऑफिसात समुद्राच्या तळाची चित्रं यायची. बुडालेली जहाजं शोधणारी कुठलीशी परदेशी मोहीम ती पाठवायची. वाळूपेक्षा वेगळं काही दिसलं की छायाने त्याभोवती पिवळी चौकट आखायची, एवढंच काम. कारखाना बंद पडल्यावर, पन्नाशीच्या तोंडावर मिळालेलं, पण तिला ते मनापासून आवडायचं. दिवसभर वाळू बघायची. वाळूच्या घड्या, पाण्याने उठवलेले वळ, मधूनच एखादं हरवलेलं जाळं. खरा समुद्र तिने एकदाच पाहिला होता, शाळेच्या सहलीत.

"तुमच्या चौकटी चूक म्हणून फार परत येतायत," हर्षलने आवाज खाली आणला. तो तिचा टीम लीडर. मनाने वाईट नव्हता. "आणखी एक चुकली तर या कामावरून काढतील तुम्हाला. मला काही बोलता येणार नाही."

छायाने हात मागे घेतला. वाळूत अर्धवट रुतलेल्या त्या बाकदार रेषा, एकीला लागून एक. तिने पुन्हा एकदा पाहिलं आणि चौकट आखली.

ती चौकट परत आली नाही. कुणी काही बोललंही नाही.

बऱ्याच आठवड्यांनी एका संध्याकाळी ती घरी आली, तर तिच्या सासूबाई, लताबाई, टीव्हीला खिळलेल्या. शेजारची चैतालीही येऊन बसलेली. फार वर्षांपूर्वी वादळात प्रवाशांसकट बुडालेली आगबोट सापडली होती. सगळ्या चॅनेलवर तेच. चित्र आलं आणि छाया पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिली. तिची पिवळी चौकटसुद्धा पुसलेली नव्हती.

"केवढे शास्त्रज्ञ लागले असतील ना, काकू?" चैताली म्हणाली.

"लागले असतील," छाया म्हणाली.

कामाचं बाहेर बोलायचं नाही, अशी सही दिलेली होती. पण चैताली गेल्यावर तिला राहवेना.

"आई, ही बोट पहिल्यांदा मी पाहिली."

लताबाई वळल्या. "तू? आणि भ्यायली नाहीस?"

"नाही. बरं वाटलं. कुणीतरी भेटल्यासारखं."

"आता वर काढणार का तिला?"

"नाही म्हणतायत. माणसं आहेत ना आत. तिथंच राहू देणार."

"बरं करतायत."

लताबाईंनी रिमोट घेतला. टीव्ही बंद केला नाही; घरात कुणी निजलेलं असताना करतात तेवढा आवाज कमी केला. मग जरा सरकून छायाला शेजारी जागा करून दिली.