मौनी पंखा

सोमवारी सकाळी दहाला शिरूर अनंतपाळच्या माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. उदगीरहून दोन जीपा भरून माणसं आली होती. मंडपाच्या मधोमध शिवमूर्ती अण्णांची वीस वर्षांची पांढरी कार बॉनेट उघडून उभी होती. इंजिन बंद, किल्ली व्यंकट महाराजांच्या मुठीत. महाराज डोळे मिटून पुटपुटत होते आणि सगळी गर्दी रेडिएटरमागच्या दोन पंख्यांकडे बघत होती. चौथ्या-पाचव्या मिनिटाला डावा पंखा घर्रकन फिरला. तो नेहमीच फिरायचा. पण आज त्याच्यामागोमाग उजवाही फिरला, आणि लोकांनी जमिनीला डोकी टेकली.

मी मागं उभा राहून जळत होतो, सांगूनच टाकतो.

मी अमरनाथ. बसस्टँडमागं माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. हा व्यंकट सहा वर्षं माझ्या शेजारी बसून पंक्चर काढायचा. गाडी बंद केल्यावरही पंखा का फिरतो, हे त्याला मीच चहा पिता पिता सांगितलं होतं. सांगणारा मी पाना धरूनच राहिलो. ऐकणाऱ्यानं भगवं नेसलं, आणि माझी दहा-दहा वर्षांची गिऱ्हाइकं बॉनेटला अंगारा लावून घ्यायला त्याच्याकडं जाऊ लागली. मला 'ए अमऱ्या', त्याला 'महाराज'.

"भक्तांनो," महाराज म्हणाले, "डावा पंखा अण्णांच्या वडिलांचा. तो बोलका. उजवा आजोबांचा. त्यानं सात महिने मौन धरलं होतं, ते आज सुटलं. लक्ष्मम्माचं दुखणं पितरांनी अंगावर घेतलं. उद्यापासून लातूरची मशीन बंद."

लक्ष्मम्मा म्हणजे अण्णांची बायको. तिच्या किडन्या गेल्या होत्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी लातूरला डायलिसिस, तेही ह्याच गाडीतून. एक खेप चुकली तरी छातीत पाणी भरेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि उद्या मंगळवार होता.

माझं तोंड सुटलं. "अण्णा, ह्यात पितर न्हाईत, रिले हाय. उजव्या पंख्याचा रिले जळालाय, हे मी फेब्रुवारीतच बोललो होतो. परवा ह्यानं गाडी पूजेला म्हणून ठेवून घेतली, तेव्हा नवा बसवलाय."

व्यंकट हसला. "अमरनाथ, तुझं दुकान चालंना झालंय, हे पितरांनाबी ठावं हाय."

सगळा मंडप हसला. अण्णांनी माझा दंड धरून मला बाजूला नेलं. "लई जळायलास तू. जा घरी."

मी जळत होतो हे खरंच होतं, तेच तर वाईट. बोलणं खरं होतं, पण आवाज जळक्या माणसाचा होता. मग कोण ऐकणार?

मंगळवारी सकाळी सातला लक्ष्मम्माचा फोन आला. "हे आंघोळीला गेलेत. लवकर ये."

ती ओट्यावर बसली होती. पाय सुजून गुडघ्यापर्यंत एकसारखे झालेले, दोन शब्द बोलली की दम लागायचा. "जायचंच न्हाई म्हणतेत. रडून बघितलं, भांडून बघितलं. काल तू काय बोललास ते दाखव मला. सांगू नको, दाखव."

मी बॉनेट उघडलं. बॅटरीशेजारी काळी पेटी असते, तिच्यात काड्यापेटीपेक्षा लहान डब्या ओळीनं बसवलेल्या असतात, तेच रिले. सगळ्या धुळीनं माखलेल्या होत्या. उजव्या पंख्याची एक तेवढी नवीकोरी.

"अक्का, इंजिनाचं पाणी तापलं की एक स्विच लागतो. तो ह्या डबीला उठवतो. डबी बॅटरीचा करंट पंख्याला सोडते. ह्या गाडीत त्याला किल्ली लागतच न्हाई."

"पण गाडी बंद केल्यावर पाणी कसं तापतं?"

"पाणी खेळायचं थांबतं. इंजिनाची धग तर—"

"डाळ चुलीवरून उतरवली तरी रटरटतीच की."

मला ह्या गावात हे कुणाला समजावता आलं नव्हतं. तिला अर्ध्या वाक्यात समजलं. तिनं स्वतःच्या हातानं ती नवी डबी उपसली आणि पदराला गाठ मारून ठेवली.

"आता मी ह्यांना घेऊन माळावर जाते. तूबी ये. पण तोंड उघडायचं न्हाई."

"अक्का, सगळ्यांसमोर मीच सांगतो की."

"तुला त्याच्या गादीवर बसायचंय. मला जगायचंय. गप राहायचं."

लागलं मला ते. पण गप राहिलो.

मशीन सुटलीच हाय, तर महाराजांच्या पाया पडून येऊ, असं ती म्हणाली तेव्हा अण्णांना केवढा आनंद झाला. मी मोटरसायकलवर मागं होतो. महाराजांनी गाडीच्या रक्षणासाठी पुढच्या जाळीवर लाल फडक्यात नारळ बांधून दिला होता, आणि तो सोडायचा नाही अशी ताकीद होती. त्या फडक्यानं रेडिएटरची निम्मी हवा अडायची. म्हणजे ज्याच्या गाडीला महाराजांचा नारळ, ती चढावर हमखास तापणार आणि मंडपात पंखा हमखास फिरणार.

माळावर आजही गर्दी होती. गाडी बंद करून बॉनेट उघडलं आणि मंत्र सुरू झाला. डावा पंखा फिरला. उजवा गप्प. महाराजांनी आवाज चढवला, पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. उजवा गप्पच. त्यांच्या कपाळावरचा अंगारा घामानं ओघळायला लागला.

"कुणाची तरी वाईट नजर हाय हितं," ते म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. मी जीभ दातांखाली धरली.

"नजरेचं राहू द्या," लक्ष्मम्मा म्हणाली. तिनं पदराची गाठ सोडली, डबी पेटीत दाबली. उजवा पंखा फिरला. डबी उपसली, पंखा थांबला. तिनं डबी अण्णांच्या हातावर ठेवली. "आता तुम्ही."

अण्णा पेटीवर वाकले. त्यांनी दाबली. फिरला. काढली. थांबला. आणखी एकदा करून बघितलं.

"मंत्र कुणी म्हणला आता?" लक्ष्मम्मानं विचारलं, आणि दम लागून खाली बसली.

अण्णांनी आधी डबीकडं बघितलं, मग बायकोच्या पायांकडं. सकाळपासून पहिल्यांदाच बघत असावेत. "अमरनाथ," ते म्हणाले, "गाडी लातूरपर्यंत जाईल का?"

"ते फडकं सोडा, आरामात जाईल."

"पितर कोपतील अण्णा," व्यंकट पुटपुटला. अण्णांनी गाठ सोडली, नारळ त्याच्या गादीवर नेऊन ठेवला आणि बायकोला उचलून गाडीत बसवलं. गाडी मी चालवली.

लातूरला डॉक्टरांनी वजन केलं. अंगात साडेचार किलो पाणी जास्त भरलं होतं. "आजची रात्र निघाली नसती," ते अण्णांना म्हणाले. अण्णा दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले.

संध्याकाळी ती मशीनवरून उठली, तेव्हा मला राहवलं नाही. "अक्का, माळावर माझं एकदा नाव घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"उद्या तुझ्या दुकानापुढं नारळ फुटले असते," ती म्हणाली. "आपल्या माणसांना डोकं टेकायला एक पाय सुटला की दुसरा लागतो."

खोटं वाटेल, पण पुढच्या सोमवारी एक माणूस त्याची तापलेली गाडी घेऊन दुकानात आला. हातात नारळ, आणि सरळ वाकलाच. "अमरनाथ महाराज, तुमचाच हात फिरू द्या."

कबूल करतो, क्षणभर लई गोड वाटलं. व्यंकटला हे रोज मिळत होतं, आणि सहा महिने मी ह्याच्यासाठीच जळत होतो. सत्याचा पुळका मला नंतर आला. मग डोळ्यांसमोर लक्ष्मम्माचे सुजलेले पाय आले, आणि मी माझे पाय मागं घेतले.

बॉनेट उघडलं आणि म्हणालो, "माझ्यावरबी विश्वास ठेवू नको. ही डबी तूच काढ, तूच बसव, काय होतं ते तूच बघ. जो तुला बॉनेटला हात लावू देत न्हाई, त्याच्याकडं गाडी नेऊ नको. आणि घरातलं आजारी माणूस तर कधीच नेऊ नको."

भीत भीत त्यानं दोन बोटांत डबी धरून ओढली. पंखा थांबला. पुन्हा बसवली. फिरला. तो चार-पाच वेळा तेच करत राहिला. मी तोवर नारळ फोडला, आणि दोघांनी मिळून खाल्ला.