एकाच डोक्याचं हेल्मेट

थोरल्या बाईंच्या घरात वस्तू यायची ती चौघांना होईल अशीच. छत्री एक, स्वेटर एक, हेल्मेटही एकच, आणि तेही नवऱ्याच्या मापाचं. नवऱ्याचं डोकं म्हणजे, बाईंच्याच शब्दांत, "आत काही नसलं तरी बाहेरून भोपळा!"

सून गुरांची डॉक्टर. मोटरसायकलवरून दगडधोंड्यांच्या वाटेनं डोंगरावरच्या गोठ्यांकडे जायची. उन्हाळा लागला तसं ते हेल्मेट दारातून निघताना डोक्यावर असायचं आणि दुसऱ्या वळणावर हँडलला लटकायचं. गच्चीवरून बाईंना सगळं दिसायचं. काल उतारावर सून घसरली. कोपर सोलवटलं, डोकं वाचलं ते एका झुडपाच्या कृपेनं.

"आता हेल्मेट डोक्यावर राहील, नाहीतर गाडीची किल्ली माझ्या कमरेला," बाईंनी बजावलं.

"आई, आत भट्टी पेटते हो. आणि खड्डा आला की डोळ्यांवर उतरतं. आंधळी होऊन गाडी हाकू का?"

हे मात्र बाईंना पटलं. दोघी दुकानात गेल्या.

दुकानदारानं सुनेच्या कपाळाभोवती फीत धरली आणि एक हेल्मेट पुढे ठेवलं. हनुवटीपाशी पुढे आलेलं, वर उन्हासाठी छज्जा, काचेऐवजी गॉगल, पुढेमागे भोकं.

"याला चोच पण आणि छज्जा पण? डोकं ठेवायचंय की अंडी घालायचीत?"

"ऑफ-रोडचं असंच असतं, मावशी. चोचीमुळे श्वासाला जागा मिळते. वारा पुढून शिरतो, मागून निघतो. अस्तर काढून धुता येतं."

सुनेनं ते चढवलं. गाल दाबले गेले.

"बघा, उंदीर तोंडात धरलेली मांजर! मोठं दाखवा. सैल असलं की हवा खेळते. शिवाय ह्यांनाही होईल."

"सैल असलं की पुन्हा डोळ्यांवर येणार, मावशी. गाल दाबले जायलाच हवेत. कपाळ मात्र दुखता कामा नये."

"आई, मला हेच बरं वाटतंय."

"तुला काय कळतंय! दे इकडे. जीव गुदमरतो की नाही, मीच सांगते."

बाईंनी हेल्मेट डोक्यात घातलं, दोन कड्यांतून पट्टी ओवली आणि करकचून ओढली. मग काढायला म्हणून पुन्हा ओढली. जितकी ओढावी तितकी ती घट्ट.

"सोडवू का, मावशी?"

"मी म्हटलं का सोडव म्हणून?" पडले तरी नाक वर. "पंखा इकडे फिरवा. मी हवा बघतेय."

त्या पंख्यासमोर स्टुलावर बसून राहिल्या. एक गिऱ्हाईक आत आलं आणि हसून म्हणालं, "मावशी, शर्यत कधी?"

"तू वाटेतून बाजूला झालास की!"

बसल्या बसल्या बाईंना आतली गंमत कळू लागली. वारा भांगातून सरसर मागे जात होता. कपाळ ठणकत नव्हतं. त्यांनी मान जोरात हलवली. हेल्मेट डोक्याबरोबर गेलं, डोक्याबरोबर आलं. पण उठायचं कसं?

सून हळूच पुढे वाकली. "आई, ही पट्टी मला उघडता येते का बघू? वाटेत लागेल." तिनं कडी वर उचलली, पट्टी सैल झाली.

हेल्मेट निघालं. बाईंच्या केसांचं घरटं झालं होतं.

"घट्ट आहे," त्या म्हणाल्या. सुनेचा चेहरा पडला. "घट्ट आहे म्हणूनच हलत नाही! मघापासून मी दुसरं काय सांगतेय?"

दुकानदार छताकडे बघत राहिला.

घरी नवऱ्यानं हात पुढे केला. "बघू, मला होतंय का?"

"हात लावाल तर! आतली गादी तिच्या डोक्याच्या आकाराला बसायचीय. तुमचा भोपळा कोंबून सैल करू नका."

"पण आपल्याकडे वस्तू चौघांना..."

"चौघांत डोकं एकच आहे का?"

"आजवर एकच चालत होतं. तुझं."

बाईंना ते ऐकू आलं नाही.

सकाळी ऊन तापायला लागलं होतं. बाई गच्चीवर. दुसऱ्या वळणावर सून थांबली, तिचा हात डोक्याकडे गेला. बाईंचा हात आपोआप कमरेकडे, किल्ली अडकवायच्या जागी. सुनेनं गॉगल सारखा केला, वळून गच्चीकडे हात हलवला आणि चढाला लागली.

"काय दिसलं गं?" खालून नवऱ्यानं विचारलं.

"हँडल," बाई म्हणाल्या. "रिकामं."