नाबोसाचे गुडघे

आमच्या किटेंगा गावात बाईच्या अंगावरचं मांस ही नवऱ्याची कमाई समजली जाते. बाई जितकी रुंद, तितका नवरा कर्ता. कॉफीचा व्यापारी तेबांदेके रविवारी चर्चला निघाला की गाडीची पुढची सीट त्याच्या बायकोनं, नाबोसानं, पुरती भरलेली असायची. मग बाया माना डोलवायच्या. बघा, खाऊ घालणं म्हणतात ते हे. त्या बाईच्या पायाला काय झालंय, हे कुणी बघत नव्हतं. गोमेसी, आमच्या बायांचा ठेवणीतला झगा, जमिनीपर्यंत असते. तिच्यात पाय लपतात आणि आमची अर्धी दुःखंही.

मी बघितलं, कारण गोमेसी मी शिवते. एक दिवस नाबोसा माझ्या दुकानात माप द्यायला अनवाणी उभी होती आणि माझ्या हातून टाचणी खाली पडली. ती टाचणीवर उभी राहिली आणि बोलत राहिली. केळी महाग झाली, पोरीचं लग्न ठरतंय, असं काय काय. फरशीवर रक्त आलं तरी तिला पत्ता नव्हता. मी तिला बसवून पाय उचलला, तर तळव्याला आधीचीच एक जखम होती, चांगली खोल, आणि तीही तिला माहीत नव्हती.

साखरेचा रोग. तिच्या थोरल्या बहिणीला तोच होता. आधी बोट कापलं, मग घोट्यापासून पाऊल, मग बहीणच गेली. त्यामुळे नाबोसाला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. दवाखान्यातल्या नर्सनं गोळ्या दिल्या, जखम भरेपर्यंत मलमपट्टी केली आणि सांगितलं, की आता रोज घाम निघाला पाहिजे, पण चालून नाही. तळव्यावर भार पडला की जखम परत उघडेल. पोहा नाहीतर सायकल चालवा. पोहायला आमच्याकडे तळं आहे, पण त्यात मगरीही आहेत. उरली सायकल.

हे ऐकायला सोपं वाटतं. आमच्याकडे बाई सायकलवर बसते ती मागच्या कॅरिअरवर, एका बाजूला दोन्ही पाय सोडून, पुरुषाच्या पाठीमागे. पाय फाकवून सीटवर बसणारी बाई म्हणजे काय, हे तिची आत्या तिला वयात येतानाच सांगून ठेवते. आत्याला आम्ही सेंगा म्हणतो. बाईनं कसं बसावं, कसं उठावं, नवऱ्यासमोर कसं गुडघे टेकावेत, सगळं सेंगा शिकवते. बाईला वाकवायचं काम आमच्या पुरुषांनी बायांवरच सोपवलंय, म्हणजे स्वतःचे हात स्वच्छ.

गुडघ्यांचं सांगते. आमची बाई नवऱ्याला, सासऱ्याला, पाहुण्याला नमस्कार करते ती गुडघे टेकून. मला या प्रकाराची चीड आहे आणि ती मी लपवत नाही. नाबोसाला मात्र कित्येक वर्षांपासून यातून सूट होती. ती खाली बसली की उठवायला दोघी लागायच्या, म्हणून ती खुर्चीतूनच नमस्कार करायची. लोकांना तेही कौतुकाचं वाटायचं. इतकी खाल्लीप्यालेली, की वाकता येत नाही.

तेबांदेकेच्या कोठारात कॉफीची पोती वाहायची एक जुनी लोखंडी सायकल पडून होती. मोटारसायकली आल्यापासून तिला कुणी विचारत नव्हतं. नाबोसानं ती बाहेर काढली. आतून मेलेल्या भावाची विजार, वरून लुगड्यासारखं गुंडाळलेलं कापड. कॉफी वाळवायच्या मैदानात सकाळी सकाळी मी कॅरिअर धरायची आणि ती पडायची. पन्नाशीची, पोत्यासारखी जड बाई लाल मातीत पडते, उठते, कोपर झाडते आणि परत टांग टाकते. मोटारसायकलवाले कडेला उभे राहून हसायचे. आमच्याकडे बाईला मानानं न्याबो म्हणतात आणि पुरुषाला सेबो. एकजण म्हणाला, न्याबो, सायकलवर दया करा, तीही म्हातारी आहे. नाबोसा खाली मातीत बसूनच त्याला म्हणाली, "तुझ्या गाडीखाली इंजिन आहे. काढून टाक आणि मग माझ्याशी बोल."

मी आयुष्यात बरीच शूर म्हणवणारी माणसं बघितली. बहुतेकांचं शौर्य दुसऱ्याला मारण्यात होतं. लोक हसत असताना परत परत पडायला लागतं ते धाडस मी त्या मैदानात पहिल्यांदा बघितलं.

शिकली ती. आधी मैदानाला चक्कर, मग चर्चपर्यंत, मग तळ्याकडचा उतार. उतार सोपा, पण तोच रस्ता परत चढून यायचा असतो. सुरुवातीला ती चढावर हातात सायकल घेऊन यायची, तेही तळव्यावर भार न येणारे बूट घालून, नर्सनं दिलेले. मग अर्धा चढ सीटवरून. मग एक दिवस पूर्ण चढून आली आणि माझ्या दुकानापुढे सायकल लावून भिंतीला टेकून उभी राहिली. धाप लागली होती. चेहरा मात्र असा, की जणू तळंच पिऊन आली आहे. तळव्याची जखम बंद राहिली. साखर उतरली. रात्रीची झोप लागायला लागली. तिच्या गोमेसी मी एकेक करून उसवल्या आणि आत घेतल्या.

इथवर कुणीही म्हणेल, छान झालं. आमच्या गावानं तसं म्हटलं नाही. आमच्याकडे बाई बारीक झाली की लोकांना एकच रोग आठवतो. त्याचं नाव कुणी घेत नाही. त्या रोगानं आमच्या पिढीची अर्धी घरं रिकामी केली, त्यामुळे भीती समजू शकते. पण भीतीला डोळे असतात की नाही? रोज चढ चढून येणारी बाई मरतेय, असं हे लोक मानायला लागले. मग आजाऱ्याच्या घरी जातात तसे ते तिच्या घरी जायला लागले आणि रिकाम्या हातानं आजाऱ्याकडे जात नाहीत, म्हणून काय न्यायचे? साखर. साखरेचा पुडा, पाव, सोड्याच्या बाटल्या. साखरेनं मरायला निघालेल्या बाईला हे लोक साखर घालून जगवायला निघाले होते. नाबोसा सगळं घ्यायची, आभार मानायची आणि माझ्याकडे आणून द्यायची. माझा चहा तेव्हा फार गोड झाला होता.

अफवा मुलीच्या होणाऱ्या सासरपर्यंत गेली. मुलीचं नाव नासूना, आणि तिचा क्वांजुला ठरला होता. मुलाकडचे भेटी घेऊन येतात, मांडवात दोन्हीकडचे बोलके पुढारी घासाघीस करतात, मुलगी आपल्या घरच्यांना मुलाची ओळख करून देते, आणि मग ते लग्न गावाच्या लेखी पक्कं. मुलाकडच्यांनी पाद्र्यामार्फत हळूच चौकशी केली, की मुलीच्या आईची तब्येत कशी आहे आणि वडिलांची.

वडिलांची म्हटल्यावर तेबांदेकेला कळलं, की लोक त्यालाही त्याच रोगाचा धनी समजतायत. तो वाईट माणूस नव्हता, घाबरट होता, आणि घाबरट नवरा बाईचं जास्त नुकसान करतो, कारण त्याला आपण वाईट वागतोय असं कधी वाटतच नाही. त्यानं सायकल कोठारात टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. क्वांजुला होईपर्यंत सायकल नाही. नीट खा, अंग धर, पाहुण्यांसमोर भरलेली दिस. नाबोसानं विचारलं, आणि क्वांजुला झाल्यावर? तो म्हणाला, मग पोरीचं लग्न आहे, मग नातवंडं होतील, लोक काय म्हणतील. म्हणजे कधीच नाही.

तिनं नर्सचं सांगून पाहिलं, बहिणीच्या पायाची आठवण करून दिली. त्यानं ऐकून घेतलं, डोळेही पुसले आणि किल्ली गळ्यातच ठेवली. कुलूप मी फोडते म्हणाले. हातोडी माझ्याकडे आहे. ती म्हणाली, "जोविया, चोरून काढलेली सायकल चोरूनच चालवावी लागते. मला रस्त्यानं जायचंय."

मग नाबोसाची सेंगा आली, खेड्यावरून, पेटी घेऊन. माझ्या दुकानात बसून तिनं तोडगा काढला. गोमेसीच्या आत आम्ही एक जाड कापड गुंडाळतोच, कमरेला गोलाई यावी म्हणून. सेंगा म्हणाली, एक नको, चार गुंडाळू. वर टॉवेल. छातीला, दंडाला कापसाच्या गाद्या शिव. मी म्हणाले, सेंगा, उशी शिवायला सांगताय की बाई? तिनं माझ्याकडे असं बघितलं, की माझ्या आईनंही कधी बघितलं नव्हतं. नाबोसा मात्र शांतपणे म्हणाली, शिव. सेंगा सांगतात तसं शिव.

मला तिचा राग आला. इतकं पडून उठून शेवटी कापूस भरून घ्यायचा? सेंगा गेल्यावर मी ते बोलूनही दाखवलं. तिनं दुकानाचं दार लावून घेतलं, फरशीवर दोन्ही गुडघे टेकले, पाठ सरळ ठेवली आणि तशीच बसून राहिली. मी मशीन चालवत होते. एक गोमेसीचा काठ शिवून झाला तरी ती तशीच. मग हात न टेकता उठली. दुसऱ्या दिवशी परत तेच. मी विचारलं, हे काय चाललंय? म्हणाली, चढ कोठारात बंद आहे, मग मांड्यांना काहीतरी काम नको? आणि वर म्हणाली, "तेबांदेकेला वाटतं माझे गुडघे अजून जुनेच आहेत."

तोवर तिच्या तळव्याची कातडी परत पांढरी पडायला लागली होती. नर्सनं साखर बघितली, ती परत चढली होती. हे नाबोसानं घरी सांगितलं नाही. मला सांगितलं.

क्वांजुलाच्या दिवशी दोन मांडव समोरासमोर. मुलाकडचे पुरुष पांढऱ्या कांझूत, म्हणजे पायघोळ झग्यात, वर कोट चढवून. त्यांच्या बायांची नजर आमच्या घराच्या दाराकडे. मुलीपेक्षा मुलीच्या आईला बघायला आलेल्या होत्या त्या, हे त्यांच्या मानांवरून कळत होतं. आतल्या खोलीत मी गाद्या घेऊन उभी. नाबोसानं त्या माझ्या हातातून घेतल्या, घडी केली आणि सेंगाच्या पेटीवर ठेवल्या. सेंगानं कपाळाला हात लावला. तोवर नाबोसा बाहेर पडली होती.

मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. जांभळी गोमेसी, अंगाबरोबर बसलेली, आणि आत जी बाई आहे तेवढीच बाई. ती मैदान ओलांडून पाहुण्यांसमोर गेली आणि दोन्ही गुडघ्यांवर बसली. कुणाचा हात न धरता, एकदम, पाणी ओतावं तशी. आमचा नमस्कार लांबलचक असतो. कसे आहात, घरचे कसे आहेत, वाटेत कसं होतं, परत कसे आहात. तिनं सगळ्यांशी तो पुरा केला, एक शब्द न गाळता. मुलाकडच्या एका म्हातारीनं शेजारणीला काही सांगितलं आणि दोघी पुढे सरकून बसल्या. मरणाऱ्या बाईचे गुडघे असे नसतात, हे म्हाताऱ्यांना कळतं. त्यांनी मरणाऱ्या बाया जवळून बघितल्यात.

मग ती उठली, आमच्या मांडवापुढे आली आणि तेबांदेकेच्या खुर्चीसमोर परत गुडघे टेकले. पाहुण्यांसमोर गुडघ्यांवर आलेल्या बायकोला नाही म्हणणारा नवरा आमच्याकडे हलका ठरतो, आणि हे लहान पोरालाही माहीत आहे. तेबांदेके हसला. त्याला वाटलं पाहुण्यांच्या जेवणाचं विचारेल.

"नासूनाचे बाबा," ती म्हणाली, "आज तुम्ही लेक देताय. मलाही एक गोष्ट द्या. कोठाराची किल्ली."

तो हळूच म्हणाला, उठ, नंतर बोलू. ती उठली नाही. त्यानं पाहुण्यांकडे बघून हात हलवला, म्हणजे थोडी गंमत चालली आहे. ती हलली नाही. त्याला वाटलं असणार, किती वेळ बसेल? आता कलंडेल आणि उठवायला दोघींना हाक मारावी लागेल. तो थांबला. आमचा पुढारी खाकरला. मुलाकडचा पुढारी, उंच, मोठ्या आवाजाचा माणूस, बसल्या जागेवरून म्हणाला, "सेबो, आम्ही आमच्या भेटी दूरवरून आणल्यात, तुमची तर गळ्यातच आहे म्हणतात." ही बातमी त्याच्यापर्यंत कशी गेली, ते मी सांगणार नाही. नवऱ्या मुलाच्या बहिणीची गोमेसीही मीच शिवली होती.

दोन्ही मांडव हसले. तेबांदेके हसला नाही. त्यानं बायकोकडे बघितलं. मला वाटतं, कित्येक वर्षांत पहिल्यांदा बघितलं. घाम नव्हता, थरथर नव्हती. सरळ पाठ आणि दोन डोळे. उन्हात ती अजून तशी बसली असती आणि त्याला ते कळलं. त्यानं कोटाचं बटण सोडलं, कांझूच्या गळ्यात हात घातला, दोरा डोक्यावरून काढला आणि किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. दोन्ही हातांनी. मोठी भेट आम्ही दोन्ही हातांनी देतो.

मला गुडघे टेकण्याची चीड आहे, हे मी वर लिहिलंय आणि ते अजून तसंच आहे. पण ज्या गोष्टीनं हे लोक बाईला आयुष्यभर खाली ठेवतात, तीच तिनं कसून कसून टणक केली आणि त्यांच्या पुढ्यात मांडली. असं काही मी परत बघितलेलं नाही.

ती उठली. या वेळीही हात टेकला नाही. मटोकेची, म्हणजे वाफवलेल्या कच्च्या केळ्यांची, पानं उघडली, वाफ आली, पाहुणे जेवायला बसले, पुढारी परत भांडायला लागले. नाबोसाची खुर्ची रिकामी होती. सेंगानं मला विचारलं, ही गेली कुठे? कोठाराच्या मागून पंपाचा आवाज येत होता. इतके दिवस पडून टायर बसले असणार.