नऊ किलोमीटर कमी

आईला साप चावला तेव्हा सकाळचे नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. सोयाबीनच्या गंजीवरची ताडपत्री ओढताना तिनं हात झटकला. मी प्राणिशास्त्र शिकलेय. डॉक्टर आधी वेळ विचारतील हे माहीत होतं, म्हणून ती लिहून ठेवली.

नऊ अकराला आम्ही गाडीत होतो. मागे आई, तिला धरून सटवाजीमामा. गाडीच्या पडद्यावर मी परभणीचा दवाखाना निवडला. नकाशानं झरीचा रस्ता सोडून डावीकडची वाट दाखवली. नऊ किलोमीटर कमी.

"दीपे, झरीवरूनच घे," मामा म्हणाले.

"मामा, हिकडून पंधरा मिनिटं वाचायलीत."

"ती बैलगाडीची पांदण हाय. परवा पाणी पडलंय, अजून वाफसा न्हाई, खाली वलंच हाय."

"काल पुण्याहून चारशे किलोमीटर आले याच्यावर. एकदाबी चुकलं न्हाई."

"पुण्यात काळी जमीन हाय का?"

आई हसली. "तुमी भांडा दोघं. मी जाते चालत."

मी डावीकडे वळले.

पांदण कोरडी दिसत होती. वर राखाडी खपली, तिला बारीक भेगा. आठशे मीटरवर स्टेअरिंग एकदम हलकं झालं. खपली फुटली, खालची ओली माती चाकांना गुंडाळत गेली, मडगार्डमध्ये ठासून बसली आणि गाडी थांबली. मागेही सरकेना. दोन्ही बाजूंना ऊस.

"सरळ जा," पडद्यातली बाई म्हणाली. "अकरा मिनिटं."

मामांनी गावातल्या बजरंगला फोन लावला. तो ट्रॅक्टर आणतो म्हणाला, वीस मिनिटांत. "ट्रॅक्टर नको," मामा म्हणाले, "फटफटी घेऊन डांबरीवर ये. लवकर." फोन ठेवून त्यांनी मला नुसतं आईकडे बघायला सांगितलं.

तिची डावी पापणी अर्ध्यावर आली होती. नऊ एकतीस.

"आई, डोळे उघड."

"उघडेच हायेत की," ती म्हणाली. जीभ जड झाली होती.

मामांनी तिला पाठीवर घेतलं. मी मागून आधार दिला. दर पावलाला चप्पल जड होत होती, शेवटी तिथंच सोडली. आईची मान मामांच्या खांद्यावरून घसरायची, मी ती परत ठेवायचे. उघड्या दारातून तो आवाज येतच होता, सरळ जा.

डांबरीवर बजरंग आला. फटफटीवर आई आम्हा दोघांच्या मध्ये. एका हातानं तिला आवळून दुसरा मी तिच्या नाकापुढे धरला होता. पिंपळाच्या पारापाशी तिचा श्वास हाताला लागला. पुढे पेट्रोलपंपापाशी मला खात्री देता येईना.

मामा कुणाच्या तरी जीपनं मागोमाग दवाखान्यात पोचले. तोवर सलाइनमधून औषध सुरू झालं होतं, आईच्या घशात नळी होती.

"पापणी कधी पडली?" डॉक्टरांनी विचारलं.

"नऊ एकतीस."

"मग इतका उशीर कुठं झाला?"

"मीच म्हणलं हिला, पांदणीनं घे," मामा म्हणाले. गुडघ्यापर्यंत चिखल होता त्यांच्या.

व्हेंटिलेटर मोकळा नव्हता. सिस्टरनं नळीला जोडलेला रबरी फुगा माझ्या हातात दिला. "पाच मोजायचे, एकदा दाबायचा. थांबायचं नाही."

मी दाबला. आईची छाती वर आली. सोडला, खाली गेली, आणि तशीच राहिली. एक, दोन, तीन, चार, पाच. डॉक्टर अजून माझ्याकडेच बघत होते, मामा जमिनीकडे. खरं काय ते सांगायचं होतं, पण बोलले असते तर आकडा चुकला असता.