उगाच वाचणे

सदतिसाव्या वेळी बोर्ड उठला नाही.

आनंद रामटेकेने चाचणीच्या सर्किट बोर्डची वीज तोडली, मनात दहा आकडे मोजले आणि पुन्हा दिली. बोर्ड उठला. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस... एकसष्टाव्या वेळी पडद्यावर परत कंपनीच्या चिन्हातलं फूल तेवढं उमटलं आणि पुढे काहीच नाही. पुण्यात खराडीच्या त्या थंडगार लॅबमध्ये आनंदच्या पाठीला घाम फुटला.

आनंद तसा जन्माचा भित्रा. वाघोलीच्या घरातून निघताना कुलूप तीनतीनदा ओढून बघायचा. "अहो, तुटेल ते. चोराचे कष्ट वाचतील," असं बायको, ललिता, रोज म्हणायची. पण त्याचं कामच मुळी भित्र्या माणसाचं होतं. कंपनी नवजात बाळांना ऊब देणारे वॉर्मर बनवायची. यंत्राला वीज मिळते त्या क्षणी आतल्या प्रोसेसरला काही म्हणजे काही ठाऊक नसतं. घड्याळ कुठलं, मेमरी कुठली, हीटर कुठे. एकेकाला हाक मारून उठवायचं, उठला का ते बघायचं आणि मगच पुढच्याकडे जायचं. पहिल्या अर्ध्या सेकंदाच्या या प्रोग्रामला बूटलोडर म्हणतात. बारा वर्षं तो आनंदच्या हातचा होता आणि बारा वर्षांत एकदाही दगा दिला नव्हता.

त्याने जुना आणि नवा प्रोग्राम शेजारी शेजारी लावले. एक ओळ गायब होती.

"अपेक्षा, ही ओळ काहून काढली?" घाबरला की त्याच्या तोंडून भंडाऱ्याची बोली निघायची.

अपेक्षा टीममधली नवी मुलगी, हुशार, कामाला वाघ. ती खुर्ची सरकवत आली. "सर, क्लीनअप केलं ना मागच्या आठवड्यात. तुमचीच कमेंट होती तिथे, इंग्लिश अक्षरांत, 'उगाच वाचणे'. म्हटलं, उगाच आहे तर ठेवायची कशाला?"

आनंदने कपाळाला हात लावला. हीटरच्या भागाला 'ऊठ' म्हटल्यावर तिथून एकदा काहीतरी वाचायचं असतं. काय उत्तर आलं याच्याशी देणंघेणं नाही, पण त्या वाचण्यात जो निमिष जातो, तेवढ्यात तो भाग खरोखर जागा होतो. उत्तर उगाच होतं, वाचणं नव्हे. प्रोग्राम तपासणाऱ्या बंगळूरच्या टीमने सात वर्षं त्या ओळीला बोट लावलं नव्हतं, कारण त्यांना तो शब्दच कळला नव्हता. अपेक्षाला कळला, हेच नडलं.

"पण सर, अडकलं तर वॉचडॉग ते आपोआप परत सुरू करेल ना?"

"तो पहारेकरी हीटरच्या नंतर उठतो. अलार्मही नंतरच."

अपेक्षाने मोबाइल काढला. नवा प्रोग्राम मंगळवारी एकाच यंत्रात गेला होता, चाचणी म्हणून, सदाशिव पेठेतल्या एका प्रसूतिगृहात.

"सर, आज गुरुवार," ती एकदम म्हणाली. "मी त्याच पेठेत राहते. दहा वाजता लाइट जाणार असा मेसेज आलाय रूमच्या ग्रुपवर. मेंटेनन्स."

वीज जाणार, जनरेटर लागणार आणि यंत्र नव्याने सुरू होणार. दहाला सात मिनिटं होती.

मॅनेजर अनिरुद्ध काचेपलीकडून आत आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साठात दोनदा? रिक्षावाले साठात दोनदा 'हो' म्हणतात, म्हणून आपण दारात उभे राहतो का? मेल टाका, रामटेके. क्वालिटीवाले दुपारी बोलतील. हॉस्पिटलला परस्पर फोन करायचा नाही, आपण काय कबूल करतोय ते लीगलला माहीत हवं."

आनंदने त्याच्यासमोर कधी शब्द उलटवला नव्हता. बावन्नाव्या वर्षी दुसरी नोकरी कोण देणार, ही भीती होतीच. पण त्या वॉर्मरवर आत्ता बाळ असेल, ही भीती तिच्याहून मोठी होती. त्याने इन्स्टॉलेशनच्या कागदावरचा नंबर शोधला आणि फिरवला.

"सिस्टर जया बोलतेय. कंपनीतून का? मशीन छान चाललंय. स्टार द्यायचेत का?"

"सिस्टर, वॉर्मरवर बाळ आहे?"

"आहे. दीड किलोचं. का हो?"

"त्याला काढा. आईच्या छातीशी द्या. आत्ता."

"डॉक्टरांना न विचारता? तुम्ही कोण मोठे डॉक्टर लागून गेलात?"

तेवढ्यात पलीकडे कुणीतरी "गेली!" म्हणून ओरडलं. मग जनरेटरची घरघर. आनंदने फोन दोन्ही हातांनी धरला.

"आली लाइट," सिस्टर म्हणाली.

"पडद्यावर काय दिसतंय?"

"तुमचं ते फूल."

"आकडे?"

"नाही अजून." मग, वेगळ्याच आवाजात, "आकडे येत नाहीयेत. हीटर लाल नाही झालेला. बंद करून चालू करू?"

"नको," आनंद म्हणाला. बारा वर्षांत असं वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. "त्याच्यावर आता विश्वास ठेवू नका."

सिस्टरने कुणाला विचारलं नाही. "मावशी, पडदा ओढा! ताई, गाऊनची बटणं सोडा, टोपी द्या त्याची!" फोन कुठेतरी टेबलावर आपटला. मग खुर्ची ओढल्याचा आवाज, पळणारी पावलं आणि नंतर काहीच नाही. आनंद ऐकत राहिला. शेजारी अपेक्षा ओठ चावत उभी होती. अकरा मिनिटं गेली; आयुष्यात त्याने कशाचीच एवढी वाट पाहिली नव्हती.

"आहात का?" सिस्टर परत आली. "बाळाचं टेंपरेचर छत्तीस पॉइंट चार. झोपलाय आईला चिकटून."

आनंद खुर्चीत टेकला.

"आता मला रजिस्टरला लिहावं लागेल. मशीन का बंद पडलं?"

अनिरुद्ध दाराशी उभा राहून मान हलवत होता, बोटाने गळ्यावरून रेघ ओढत होता. अपेक्षाने खाली बघितलं.

"प्रोग्राम चुकला," आनंद म्हणाला. "लिहिण्यात माझी चूक झाली."

"तुमची म्हणजे कोणाची? नाव?"

"आनंद रामटेके."

"टेंके?"

"टेके," त्याने सावकाश, अक्षर सुटं करून सांगितलं. "ट ला मात्रा, क ला मात्रा. टिंब नाही." आणि पलीकडे तिने ते लिहून होईपर्यंत तो फोन धरून थांबला.