डावीकडची वचनं

मावशीनं डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर पिशवी ठेवली, चष्मा पुसला आणि स्तोत्रांचं पुस्तक उघडून मांडीवर धरलं. पुढची दोन बाकं रिकामी होती, मागची पाचही रिकामी. मधल्या वाटेपलीकडे, उजव्या बाजूला, माणसं इतकी खेटून बसली होती की पोस्टमास्तरांच्या बायकोचा एक पाय बाकाबाहेर आला होता. बसा बाई, बसा अशाच अवघडून, मावशी मनात म्हणाली. इकडे सात बाकं मोकळी आहेत, पण माझा वारा लागेल ना तुम्हाला.

या प्रार्थनाघरात स्तोत्र वाचायची रीत जुनी होती. दर रविवारी एक स्तोत्र, क्रमानं, कुणाची आवडनिवड नाही. विषम आकड्यांची वचनं उजव्या बाजूनं वाचायची, सम आकड्यांची डाव्या बाजूनं. एका बाजूनं बोलावं, दुसरीनं उत्तर द्यावं, म्हणजे कुणाला डुलकी लागत नाही, असं म्हातारे पाळक गमतीनं म्हणत. गेले तीन रविवार डावी बाजू म्हणजे एकटी मावशी होती. पलीकडून चाळीस गळे एक वचन म्हणायचे आणि अलीकडून तिचा एक चिरका आवाज पुढचं म्हणायचा. पाळकांना हे दिसत होतं. पण ते स्वभावानं भिडस्त होते, आणि भिडस्त माणसाचा अशा वेळी काडीचा उपयोग नसतो.

झालं होतं ते असं. मावशी बायकांचे कपडे शिवायची. तीस वर्षं शिवत आली होती आणि तीस वर्षांत तिच्या टेपला जे कळलं ते तिच्या तोंडातून कधी बाहेर पडलं नव्हतं. शाळेच्या हेडबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा लग्नाचा झगाही तिच्याकडेच आला. पहिलं माप घेतलं आणि महिन्याभरानं फिटिंगला बोलावलं, तर मुलीची कंबर तीन इंचांनी वाढलेली. मुलगी आरशात बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. मावशीनं काही विचारलं नाही. "आत कापड भरपूर सोडलंय गं, काळजी नको," एवढंच म्हणाली आणि शिलाई उसवायला घेतली.

आठवड्यात बातमी गावभर झाली. मुलीला दिवस गेलेत, झगा उसवून मोठा करावा लागला! नवऱ्या मुलाकडच्यांनी लग्न मोडलं. पुढे पंधरा दिवसांत मुलगी चक्कर येऊन पडली, दवाखान्यात नेली, आणि पोटातून भलीमोठी गाठ निघाली. मुलगी वाचली. आता ती लांब आत्याकडे राहत होती आणि कुणाशी बोलत नव्हती. मग सगळ्यांना एकदम प्रश्न पडला, ही बातमी फोडली कुणी? उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. माप कोण घेतं? मावशी. उसवलं कुणी? मावशीनं. झालं, निकाल लागला.

तिनं सांगून पाहिलं. हेडबाईंच्या दारात उभी राहून सांगितलं. हेडबाईंनी दार लावलं नाही, पण आत या असंही म्हटलं नाही.

"माझ्या मुलीचं तुम्ही काय केलंत ते तुम्हाला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आता देवाला सांगा."

देवाला सांगून झालं होतं. मशीनवर बसल्या बसल्या, पायडल मारता मारता, भांडी घासताना, सांगून सांगून तिचं तोंड दुखलं. देव ऐकतो म्हणतात. मग इतके दिवस ऐकतोय तरी काय? मी इथे आहे हे तरी लक्षात आहे का तुझ्या? हा प्रश्न तिनं एकदा मोठ्यानं विचारला आणि दुकानात आपल्याखेरीज कुणी नाही हे पाहून तिला रडू कोसळलं. सुईत दोरा घालायला घेतला तर डोळ्यांतल्या पाण्यानं नेढंच दिसेना.

आणि तरी हे सगळं सोसलं असतं. न सोसवणारी गोष्ट वेगळीच होती.

नवऱ्या मुली माप देताना श्वास ओढून धरतात. म्हणून टेपवर येईल त्यात एक इंच मिळवूनच मावशी वहीत लिहायची. ही तिची स्वतःची सवय. तिनं ती कधी कुणाला सांगितली नव्हती. हेडबाईंच्या मुलीची कंबर टेपवर पंचवीस होती, मग अठ्ठावीस झाली. आरशात मुलीनंही हेच आकडे वाचले होते. आणि बेकरीसमोर उभ्या असलेल्या बायका मावशीला पाहून गप्प व्हायच्या आधी म्हणत होत्या, "सव्वीसची एकोणतीस झाली म्हणे!"

सव्वीस आणि एकोणतीस हे आकडे जगात एकाच ठिकाणी होते. ती वही मावशीखेरीज एकच माणूस उघडायचं. वही बघून कापड बेतणारी, काजं करणारी, तिची धाकटी बहीण.

आई गेली तेव्हा धाकटी पाच वर्षांची होती. मावशीनंच तिची वेणी घातली, तिला शाळेत पोचवलं, तिचं लग्न करून दिलं, नवरा गेल्यावर तिला हाताशी घेतलं. धाकटी वाईट नव्हती. पण दुसऱ्याकडे नसलेली बातमी आपल्याकडे आहे म्हटलं की तिच्या पोटात ती टिकत नसे. लहानपणापासूनचं होतं ते. त्या दिवशी मावशी बेकरीवरून तशीच दुकानात आली. धाकटी खाली मान घालून काजं करत होती.

"मापाची वही कुठाय?" मावशीनं विचारलं.

"खणात," धाकटी म्हणाली. मान वर केली नाही.

त्यानंतरच्या रविवारी धाकटी उजव्या बाजूला जाऊन बसली. "तिकडे जरा वारा येतो," म्हणाली. आणि कुणीतरी तिला विचारलं तेव्हा तिनं उत्तर दिलं, ते मावशीच्या कानावर आलंच. "मला काय माहीत? मापं तीच घेते." त्या रात्री मावशी जेवली नाही. सगळं गाव एका बाजूला आणि हे चार शब्द एका बाजूला, आणि हेच जड होते.

काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतंच. पोस्टमास्तरांची बायको तेवढी येऊन गेली होती. "घाई नाहीये हो, राहू दे, नंतर बघू," असं म्हणत न कापलेलं कापड उचलून घेऊन गेली. मग मावशीनं पुस्तक काढलं आणि उद्याचं स्तोत्र पाहिलं. एकतिसावं. एकटीला वाचायचं तर आधी नजर टाकलेली बरी. कुणा जुन्या माणसानं, हजारो वर्षांपूर्वी, तिचंच गाऱ्हाणं लिहून ठेवलं होतं. शेजारी तोंड फिरवतात, कुजबुज करतात, मेलेल्या माणसासारखा मी सगळ्यांच्या मनातून उतरलो, फुटक्या भांड्यासारखी माझी गत झाली. अरे देवा, म्हणजे हे दुसऱ्याही कुणाचं झालं होतं! पहिल्यांदाच तिला इतक्या दिवसांत जरा हलकं वाटलं. मग ती बोटानं आकडे मोजू लागली, आपल्या वाट्याला काय काय येतंय ते. सम वचनं आपली. बारावं, चौदावं, सोळावं. आणि अठरावं. खोटं बोलणारे ओठ मुके होऊ देत, असं अठरावं वचन मागत होतं.

ते आपल्या वाट्याला आलंय. मावशी कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मग तिनं ठरवलं. अठरावं वचन धाकटीकडे बघत वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि सगळ्यांसमोर विचारायचं, सव्वीस आणि एकोणतीस हे आकडे तुम्हाला कुणी सांगितले? बस्स, एवढा एकच प्रश्न. धाकटीची मुलगी नुकतीच हेडबाईंच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागली होती. तिचं काय होईल ते मावशीला कळत होतं. होऊ दे. माझं झालं तेव्हा कुणी विचार केला?

"स्तोत्र एकतिसावं," पाळक म्हणाले. "उजवीकडून सुरू करा."

उजवी बाजू उभी राहिली. मावशीही उभी राहिली. पहिली दहा वचनं इकडून तिकडे गेली. धाकटी हेडबाईंच्या शेजारीच होती, दुसऱ्या बाकावर, वाटेच्या कडेला. अकरावं वचन आलं आणि चाळीस माणसं एका सुरात म्हणू लागली की शेजाऱ्यांत माझी छीथू झाली, मला रस्त्यात पाहून लोक पळतात. मध्येच पोस्टमास्तरांची बायको अडखळली. बाकीचे म्हणत राहिले. ज्यांनी पळायचं तेच पळून जाणाऱ्यांची तक्रार करत होते, आणि त्यांच्यातून धाकटीचा आवाज मावशीला वेगळा ऐकू येत होता. तो आवाज तिला चाळिसांतच काय, चारशेंतही ओळखू आला असता.

बारावं तिचं. मेलेल्या माणसासारखी विसरले गेले, हे म्हणताना शेवटचा शब्द नुसताच ओठांवर हलला. तेरावं त्यांचं. चौदावं तिचं, तरीही माझा भरवसा तुझ्यावर आहे. भरवसा कसला, तिला वाटलं, पण छापलंय म्हणून तिनं ते वाचलं. वाचलं आणि आपलाच आवाज ऐकून चमकली. तो तिला वाटला तितका खोटा आला नव्हता.

सतराव्या वचनात धाकटीचा आवाज नव्हता. मावशीच्या लगेच लक्षात आलं. धाकटीनं पुढचं वाचून ठेवलं होतं.

अठरावं.

मावशीनं मान वळवली. वाटेच्या पलीकडे, सहा पावलांवर, धाकटी पुस्तकात बघत उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि खालचा ओठ तिनं दातांत धरला होता. आई गेल्याचं सांगितलं तेव्हा अशीच उभी होती ही. मावशीनं तोंड उघडलं. शब्द डोळ्यांसमोर होते, मोठ्या ठळक अक्षरांत, देवाच्या पुस्तकातले, तिच्या हक्काचे. तोंडातून एकही निघेना.

कुणीतरी खाकरलं.

"अठरावं," पाळकांनी हळूच आठवण केली. त्यांना वाटलं, हिची ओळ चुकली.

"माहिताय मला," मावशी म्हणाली. "मला नाही वाचायचं ते."

आता सगळ्यांनीच माना वळवल्या. काय बाई आहे, असं हेडबाईंच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मावशीनं पुस्तक घट्ट धरलं आणि खाली बघत राहिली. खोट्या ओठांचं वचन टाळून आपल्या हातानं आपलं नाव आपण पुरलं, हे तिला कळत होतं. याच्यानंतर विचारायला काही उरलं नव्हतं. आता मरेपर्यंत डावी बाजू.

आणि मग उजवीकडून एक आवाज आला. एकच. धाकटी अठरावं वचन वाचत होती. विषम बाजूला उभी राहून, आपलं नसलेलं वचन, एकेक शब्द ओढून काढावा तसं. खोटं बोलणारे ओठ इथपर्यंत ती आली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून म्हणाली आणि पूर्ण केलं. मग तिनं हेडबाईंकडे पाहिलं.

"वही मी उघडली होती," ती म्हणाली. "तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं."

हेडबाईंचा चेहरा पाहवत नव्हता. त्या रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त आपलं पुस्तक उचललं आणि त्या धाकटीपासून सरकल्या. त्यांच्या पलीकडची सरकली, तिच्या पलीकडची सरकली. इतकी खेटून बसणारी माणसं, पण बाकावर दोन हात जागा कशी झाली कुणास ठाऊक. मागच्या बाकावरचेही मागे रेलले. धाकटी कडेला एकटी उभी राहिली.

मावशीला आनंद व्हायला हवा होता. दोन महिने याच घटकेसाठी तिनं देवाचा पिच्छा पुरवला होता. पण ते सरकणं तिला नखशिखांत ओळखीचं होतं आणि ते बघताना तिनं समोरच्या बाकाची पाठ घट्ट धरली. गधडी कुठली, ती मनात म्हणाली. आधी बोलली असतीस तर. आणि तिचे डोळे घळाघळा वाहू लागले.

पाळकांना काय करावं ते सुचेना. "एकोणिसावं," ते शेवटी पुटपुटले. उजव्या बाजूनं एकोणिसावं कसंबसं म्हटलं, अर्ध्यांनी म्हटलं, अर्ध्यांनी नाही.

मावशीनं पिशवी उचलली. ती आता घरी निघाली असं सगळ्यांना वाटलं. ती मधल्या वाटेवर आली, सहा पावलं चालली आणि हेडबाईंनी मोकळ्या केलेल्या जागेत, धाकटीला खांदा लागेल अशी, जाऊन उभी राहिली. धाकटीकडे तिनं पाहिलं नाही. तेवढं तिच्यानं होण्यासारखं नव्हतं, इतक्यात तरी नाही.

डावीकडची आठही बाकं आता रिकामी होती. पाळकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे.

"मग विसावं कोण वाचणार?"

"आम्ही दोघी," मावशी म्हणाली.

जिभांच्या तडाख्यातून तू त्यांना आडोशाला घेतोस, असं ते वचन होतं. काल तिनं ते भराभर ओलांडलं होतं. आता तिनं वाचायला सुरुवात केली आणि शेजारून काहीच ऐकू येईना म्हणून ती मधेच थांबली.

"वाच की गं," ती पुस्तकात बघत म्हणाली. "मी आहे."