दहा सोडून

समुद्र वाचवायचा ठेका गुणवंत साहेबांनी घेतला होता. आठवडाभर ते आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या फॅब्रिकेशन यार्डात प्रोजेक्ट इंजिनिअर, आणि रविवारी सकाळी दगडी बांधावर गळ टाकून बसणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचे अॅडमिन. मासा टेपवर ठेवून फोटो टाकायचा, हा नियम त्यांचाच. हमूर, म्हणजे आपला गोब्रा, पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आत भरला तर कायद्याने परत पाण्यात. गेल्या महिन्यात बदरुद्दीनने त्रेचाळीसचा ठेवून घेतला. साहेबांनी त्याला ग्रुपबाहेर काढलं आणि वर 'उद्याच्या पिढीचं काय?' म्हणून हातभर लांब पोस्ट लिहिली. चूक बदरुद्दीनचीच होती. पण ती पोस्ट वाचायची शिक्षा बाकीच्यांना कशाला?

केरू त्याच यार्डात फिटर, आणि रविवारी त्याच बांधावर. त्याच्या टेपचं तोंड झिजून वाकडं झालेलं, म्हणून तो दहाच्या खुणेपासून माप धरायचा आणि शेवटी दहा जमा-वजा करून हिशेब जुळवायचा. फिटर लोकांची ती रीतच. एकदा हिशेब विसरला आणि पाइप दहा सेंटिमीटर तोकडा कापला गेला. साहेबांनी वॉर्निंग लेटर दिलं. 'अक्षम्य निष्काळजीपणा', इंग्रजीत.

त्या रविवारी साहेबांच्या गळाला हमूर लागला. बायको पहिल्यांदाच बांधावर आलेली, त्यामुळे साहेबांची छाती आधीच दोन इंच पुढे.

"मुग्धा, फोन काढ. केरू, माझी टेप घरी राहिली, तुझी दे."

केरू गुडघ्यावर बसला. हाताच्या सवयीने माशाचं तोंड दहावर आलं. साहेबांनी शेपटीकडचा आकडा वाचला.

"एकोणपन्नास. यल्ला, घे फोटो."

फोटो झाला, मासा बादलीत गेला. केरूच्या जिभेवर एकोणचाळीस आला आणि तिथेच बसून राहिला. त्याचा रजेचा फॉर्म साहेबांच्या टेबलावर पडला होता. गावी सगुणाला आठवा महिना सरत आलेला. थोरली लेक त्याने पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती अकरा महिन्यांची होती, आणि बापाला बघून घाबरून रडली होती. या खेपेला त्याला बाळाआधी पोचायचं होतं.

पलीकडच्या दगडावर बदरुद्दीन एकटाच गळ धरून बसला होता.

"केरू भाई, आज आपकी टेप बहुत मीठा बोल रही है."

"तू गप रे."

"हम तो चुप ही हैं. ग्रुप में भी नहीं हैं."

बादलीतल्या माशाने शेपटी आपटली. केरूच्या तोंडावर पाणी उडालं. त्याने ते बाहीने पुसलं.

"साहेब, दहा सोडलेत."

"काय सोडलंय?"

"माप दहापासून धरलंय. मासा एकोणचाळीस."

साहेबांनी टेपकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"अरे, मग लगेच सांगायचं ना."

"सांगणारच होतो. म्हटलं, आधी लेटर द्यावं लागतं की काय. आणि मला टाइप करता येत नाही."

मुग्धावहिनींना आधी हसू आलं. मग त्या अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "उद्याच्या पिढीचं काय रे, गुणवंत?"

साहेबांनी बादली उचलली आणि मासा पाण्यात सोडला. हमूर क्षणभर दगडापाशी थबकला आणि खाली गेला. दुपारी बदरुद्दीन ग्रुपमध्ये परत दिसला. माफीबिफी काही नाही. साहेब लोकांची माफी अशीच असते, आवाज न करता येते.

सोमवारी केबिनमध्ये बोलावणं आलं. साहेबांनी फॉर्म हातात धरला होता. केरूने मनातल्या मनात सगुणाला फोनवर काय सांगायचं ते ठरवून टाकलं.

"पंधरा दिवस लिहिलेत. दहा सोडून मोजायचे का?"

"नाही साहेब. शून्यापासून."

साहेबांनी सही केली. मग ड्रॉवरमधली नवी कोरी टेप काढून त्याच्यापुढे सरकवली.

"ती जुनी फेकून दे."

केरूने नवी खिशात टाकली. जुनी त्याने बदरुद्दीनला दिली, बांधावर वापरायला, दहा वजा करायचं बजावून.